चौकटीची चतुःसीमा

पावसाळ्यातला एखादा रविवार उलटला, की सोमवारी सकाळी मोबाइल उघडायची धास्तीच वाटते. माळशेज, ताम्हिणी, आंबोली, भंडारदरा... जिथे म्हणून डोंगरावरून पाणी खाली येतं तिथले फोटो आप्तेष्टांनी रात्रीच धाडलेले असतात. फोटो वाईट असतात असं मुळीच नाही. हल्लीच्या मोबाइलमधून वाईट फोटो काढायचा, तर मुद्दाम कष्ट घ्यावे लागतील. सगळं कसं लख्ख, स्वच्छ आणि हिरवंगार असतं. तरीही पन्नास फोटो पाहून डोळे मिटले, तर त्यातला एकही आठवत नाही. आणि गंमत अशी, की काढणाऱ्याची तक्रारही नेमकी तीच असते. ‘‘प्रत्यक्षात काय दिसत होतं म्हणून सांगू! फोटोत ते आलंच नाही,’’ असं म्हणत तो आणखी दहा फोटो पाठवून देतो.

प्रत्यक्षात दिसलेलं फोटोत का येत नाही, हा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा आहे. आपण डोंगरासमोर उभे असतो तेव्हा नुसते डोळे पाहत नसतात. अंगाला गार वारा लागत असतो, ओल्या मातीचा वास येत असतो, टपरीवरच्या भज्यांचाही येत असतो. डोळेही मोठे हुशार. नको ते परस्पर गाळून टाकतात. समोर विजेची तार लोंबते आहे, कडेला कुणाची तरी जीप उभी आहे, पायाशी वेफर्सची रिकामी पाकिटं पडली आहेत, यातलं काहीही त्या घटकेला आपल्याला दिसत नाही. कॅमेऱ्याला ही निवड करता येत नाही. तहसील कचेरीतल्या नकलनविसासारखा तो समोरचं सगळं जसंच्या तसं उतरवून घेतो. तेव्हा निवड करायची ती आपणच, आणि तीही बटण दाबण्यापूर्वी. निसर्गाच्या चांगल्या फोटोची बरीचशी विद्या या एका वाक्यात येते. पुढचा मजकूर हा त्याचा तपशील समजावा.

मी व्यावसायिक छायाचित्रकार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पस्तीस वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली बरीचशी ग्रामीण शाखांत. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण ग्रामीण शाखेतल्या अधिकाऱ्याला एक भाग्य लाभतं. विहिरीसाठी, बैलजोडीसाठी, पाइपलाइनीसाठी कर्ज मागणाऱ्याचं रान स्वतः जाऊन पाहावं लागतं. या स्थळपाहणीच्या निमित्तानं कोल्हापूर, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांतली शिवारं मी सगळ्या ऋतूंत पायी तुडवली. खांद्याला कॅमेरा असायचा. आधी आगफा क्लिक थ्री, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो देणारा. पुढे छत्तीस फोटोंच्या रोलचा. एक रोल महिनाभर पुरवायचा असे. त्यामुळे फोटो काढण्यापेक्षा पाहण्यातच वेळ जास्त जाई, आणि हे शिक्षण फुकट मिळालं.

आधी चारी बाजू पाहाव्यात

जमीन तारण घेताना गहाणखतात चतुःसीमा लिहितात. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गावरस्ता, उत्तरेस तमक्याचा बांध. जमीन कोणती, हे मधल्या क्षेत्रावरून ठरत नाही. तिला वेढणाऱ्या चार बाजूंवरून ठरतं. फोटोचंही अगदी असंच आहे. आपली नजर मधल्या धबधब्यावर किंवा देवळाच्या कळसावर खिळलेली असते आणि घोटाळा होतो तो कडेला. डावीकडून कुणाचं तरी कोपर आत आलेलं असतं, वरून एका फांदीचं टोक लोंबत असतं, उजवीकडे बैल अर्धाच कापला जातो. म्हणून बटण दाबण्यापूर्वी नजर एकदा चौकटीच्या कडेकडेनं फिरवून आणावी. घड्याळ लावून पाहिलं, तर याला दोन सेकंद लागतात. जी वस्तू कडेवर आहे तिचा निकाल लावावा: आत घ्यायची तर पुरती घ्यावी, नाहीतर एक पाऊल सरकून बाहेर ठेवावी.

चतुःसीमा ठरली, की आत काय आहे ते पाहायचं. सातबाऱ्यावर जसं मुख्य पीक एक असतं आणि बांधावरची झाडं, विहीर यांची नोंद त्यासोबत होते, तसं चित्रात मुख्य एकच असावं. डोंगरही हवा, तळंही हवं, देऊळही हवं आणि पुढे बायकोमुलंही हवीत, असा आग्रह धरला की फोटो लग्नातल्या पंगतीसारखा होतो. सगळे आलेले असतात, लक्षात कुणीच राहत नाही. नवख्या कादंबरीकाराला पहिल्याच पानावर पाऊस, नदी, मोर आणि इंद्रधनुष्य असं सगळं घालायचं असतं. त्याला आपण सांगतो, की बाबा, एकच काहीतरी नीट दाखव. कॅमेऱ्यावाल्यालाही तेच सांगायचं.

हे मुख्य पीक चौकटीत कुठे ठेवावं? मोबाइलच्या पडद्यावर दोन आडव्या आणि दोन उभ्या रेषांची जाळी आणता येते, ती पुष्कळांनी पाहिली असेल. चौकटीचे तीन-तीन भाग करायचे, क्षितिज मध्यावर न ठेवता वरच्या किंवा खालच्या रेषेवर ठेवायचं आणि मुख्य वस्तू रेषा छेदतात तिथे बसवायची, असा हा नियम. तो कॅमेऱ्याहून जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानं १७९७ साली ग्रामीण देखाव्यांवर एक पुस्तक लिहिलं, त्यात या ‘तिसऱ्या हिश्शाच्या नियमा’ला नाव मिळालं. म्हणजे खेड्याचं चित्र कसं काढावं, या विचारातूनच तो जन्मला. त्याचं मर्म साधं आहे. चौकट निम्मी-निम्मी वाटली, की आभाळ मोठं की जमीन, हे पाहणाऱ्याला कळत नाही. आपण आधी ठरवावं. मृगाचे ढग दाटून आले असतील, तर दोन हिस्से आभाळाला द्यावेत. पांढरंफटक, कोरं आभाळ असेल, तर त्याला एक हिस्साही जास्तच. कधीकधी एक बोटभर पट्टी पुरते, कधी तीही नको. मात्र हा नियम म्हणजे कायदा नव्हे. तळ्यात डोंगराचं प्रतिबिंब शांत उभं असेल, तर क्षितिज खुशाल मध्यावर ठेवावं.

चाकोरी सोडू नये

आमच्या घाटमाथ्यावर आणि देशावर एक अडचण असते: डोंगर डोळ्यांना अजस्र दिसतो आणि फोटोत टेकडीएवढा होतो. हा दोष डोंगराचा नाही, भिंगाचा. मोबाइलचं नेहमीचं भिंग बरंच रुंद पाहणारं असतं. रुंद पाहताना लांबचं सगळं लहान होतं आणि जवळचं मोठं. यावर उपाय दोन. एक तर मोबाइलला दूर पाहणारं वेगळं भिंग असेल, तर ते वापरून डोंगर आणि त्याच्या पायथ्याची वाडी एवढंच घ्यावं. म्हणजे दोन घरांच्या मागे उभा राहिलेला कडा खरा वाटतो. दुसरा उपाय म्हणजे त्या रुंदपणाचाच फायदा घ्यायचा. पायाशी काहीतरी ठेवायचं आणि नजर तिथून आत न्यायची.

शिवारात नजर आत नेणाऱ्या गोष्टींना तोटा नाही. बांध, पाट, नांगरटीच्या ओळी, दोन्ही बाजूंनी घायपात लागलेली पाणंद. आणि सगळ्यांत चांगली म्हणजे चाकोरी. हा शब्द आपण नुसता वाक्प्रचारात वापरून गुळगुळीत केला आहे. गाडीच्या चाकांनी मातीत पाडलेल्या दोन खोल रेघा म्हणजे चाकोरी. पावसानंतर त्यांत पाणी साचतं, त्या पाण्यात आभाळ पडतं, आणि दोन उजळ रेघा वळण घेत थेट गावापर्यंत जातात. लोकांना चाकोरी सोडावीशी वाटते. फोटो काढणाऱ्यानं ती अवश्य धरावी. फक्त ती चौकटीच्या कोपऱ्यातून आत येऊ द्यावी आणि शेवटी कुठेतरी पोचू द्यावी. वाट जिथे संपते तिथे झाड नाही, घर नाही, माणूसही नाही, असं असेल तर नजर पोचते आणि हात हलवत परत येते.

आणि कृपा करून खाली बसावं. जगातले बहुतेक फोटो उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले असतात, म्हणून ते एकमेकांसारखे दिसतात. भाताच्या खाचरात लोंबीच्या उंचीवर कॅमेरा आला, की त्याच खाचराचा समुद्र होतो. उलट लावणी चालू असताना बांधावरून काही दिसत नाही. वरच्या टेपावर चढून पाहावं, म्हणजे खाचरांचे वेडेवाकडे तुकडे आणि त्यात ओळीनं वाकलेल्या बाया यांची मांडणी कळते. गुडघे दुखतात हे मला ठाऊक आहे. माझेही दुखतात.

काही मंडळी खेड्याचा फोटो म्हणजे खांब, तारा, ट्रॅक्टर, मोटारसायकल हे सगळं वगळून काढतात. जणू ते खेडं बैलगाडीशिवाय दुसरं वाहन न पाहिलेलं. रघुवीर सिंह यांनी (१९४२-१९९९) आयुष्यभर भारताचे रंगीत फोटो काढले. त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक म्हणजे अॅम्बॅसेडर मोटारीच्या संगतीनं पाहिलेला देश. तिची दारं, खिडक्या, आरसे यांनाच त्यांनी चौकटी केलं आणि त्यातून रस्ते, शेतं, माणसं दाखवली. नवी वस्तू लपवण्यापेक्षा तिला कामाला लावावं, हे त्यातून शिकण्यासारखं आहे. द्राक्षबागेवरची जाळी, शेततळ्याचा प्लास्टिकचा अस्तर, लावणी करणाऱ्या बायांच्या डोक्यावरचे निळे-पिवळे कागद हेच आजचं शिवार आहे. इरली आता फार थोड्या ठिकाणी दिसतात.

गोरज आणि दिवेलागण

उजेडाबद्दल पुस्तकं पुष्कळ सांगतात. पण आपल्या भाषेनं ते दोन शब्दांतच सांगून ठेवलं आहे. गोरज आणि दिवेलागण. गुरं परतताना उडालेली धूळ तिरप्या उन्हात सोन्यासारखी दिसते, ती गोरजवेळ. सूर्याकडे तोंड करून, पण सूर्याला एखाद्या झाडाच्या बुंध्याआड ठेवून त्या वेळी फोटो काढावा. गुरांच्या पाठींना उजेडाच्या कडा येतात. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटांनी दिवेलागण होते. आभाळ अजून निळं असतं, घरात दिवा पिवळा असतो, आणि दोघांचा उजेड सारख्या तोलाचा असतो. अर्ध्या तासात तो तोल जातो. मग आभाळ काळं होतं आणि दिवा नुसता डोळ्यावर येतो.

सूर्य खाली असताना उजेड तांबूस का, याचं कारण शाळेत शिकलेलं असतं. तिरप्या किरणांना हवेतून लांबचा प्रवास करावा लागतो, निळा भाग वाटेत विखरून जातो आणि तांबडा-पिवळा पुढे येतो. शिवाय तिरप्या उन्हानं लांब सावल्या पडतात. ढेकळालाही सावली असली म्हणजे नांगरट नांगरट दिसते. मे महिन्याच्या मध्याला पुण्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, त्या दिवशी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. अशा वेळी डोंगराचे सगळे उंचवटे सपाट दिसतात; फोटो न काढता ताक प्यावं. डिसेंबरच्या अखेरीस मात्र पुण्यात दुपारी बारालाही सूर्य सुमारे ४८ अंशांवरच असतो. म्हणजे थंडीत दिवसभर काही ना काही तिरपं ऊन मिळतं. आपल्याकडे निसर्ग पाहायला लोक पावसाळ्यात धावतात. माझं मत विचाराल, तर पौषातलं ज्वारीचं रान पाहावं.

इथे मोबाइलचा एक आगाऊपणा लक्षात ठेवला पाहिजे. पांढरं ते पांढरं दिसावं म्हणून तो रंगाचा तोल आपणहून सुधारत असतो. संध्याकाळचा सोनेरी उजेड त्याला बिघाड वाटतो आणि तो त्यातलं सोनं काढून टाकतो. व्हाइट बॅलन्स नावाची जी सोय असते, तिथे सूर्याचं चिन्ह निवडलं, की हा उपद्व्याप थांबतो. संध्याकाळ संध्याकाळच राहते.

हिरव्याची नावं

रंगांविषयी माझी खात्री आहे, की आपल्या आया-मावश्या आपल्यापेक्षा चांगल्या छायाचित्रकार झाल्या असत्या. लुगड्याच्या दुकानात त्या ‘हिरवं दाखवा’ असं कधी म्हणत नसत. पोपटी, शेवाळी, मेंदी, मोरपंखी, हिरवंकंच अशी प्रत्येकाला नावं होती. आणि ज्याला नाव आहे ते दिसतं. शिवारात हेच करून पाहावं. भाताचा तरवा पोपटी असतो, लावणीनंतर महिन्याभरानं तोच गर्द होतो. ज्वारीच्या पानावर निळसर झाक असते. हरभरा राखट, आंब्याचं जून पान काळपट, नवी पालवी तर हिरवी नसतेच, तांबूस असते. दोन हिरवे शेजारी-शेजारी आले आणि ते वेगळे आहेत हे फोटोत कळलं, की निम्मं काम झालं.

कॅमेरा करणाऱ्यांनी हिरव्याचा मान राखलेला आहे. कोडॅक कंपनीतले ब्राइस बायर यांनी रंग टिपण्याची जी जाळी शोधली, तिचं पेटंट १९७६ सालचं. तिच्यात दर चार घरांपैकी दोन हिरव्याची, एक तांबड्याचं आणि एक निळ्याचं असतं, कारण माणसाचा डोळा हिरव्याच्या बाबतीत सर्वांत चोखंदळ. आजही बहुतेक कॅमेऱ्यांत हीच जाळी आहे. एवढ्या कष्टानं टिपलेल्या छटा आपण घरी येऊन एका झटक्यात मातीत घालतो. सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे ओढली, की पोपटी, शेवाळी आणि गर्द सगळे एकच होतात. फोटो झगझगीत होतो खरा, पण चारी भाज्यांना एकच मसाला घातल्यासारखा.

पावसात पानं ओली असतात आणि चमकतात. ती चमक पांढरी असते आणि खालचा हिरवा झाकते. पोलराइज्ड काचेचा गॉगल असेल, तर त्याची काच भिंगापुढे धरून हळूहळू फिरवावी. एका ठिकाणी चमक नाहीशी होते आणि खरा रंग वर येतो. सूर्य आपल्या डाव्या किंवा उजव्या खांद्याच्या बाजूला असताना हीच काच आभाळाचा निळाही गडद करते.

आणि हिरव्यात तांबडं किती घालावं? मिठाएवढं. १८३२ साली लंडनच्या रॉयल अॅकॅडमीच्या प्रदर्शनात कॉन्स्टेबल आणि टर्नर या दोन थोर चित्रकारांची चित्रं शेजारी लागली होती. कॉन्स्टेबलचं चित्र भरगच्च रंगीत, टर्नरचं करड्या समुद्राचं. कॉन्स्टेबल आपल्या चित्रातले लाल ठिपके अखेरचे उजळत असताना टर्नर आला, त्यानं आपल्या समुद्रावर नाण्याएवढा एक लाल ठिपका ठेवला आणि न बोलता निघून गेला. पुढे त्यानं त्या ठिपक्याची पाण्यावर तरंगणारी खूणपिंप केली. शेजारचं सगळं लाल त्या एका ठिपक्यापुढे फिकं पडलं, अशी कथा आहे. आपल्या माणदेशात हा ठिपका चालता-बोलता असतो. वाळल्या गवताचा पिवळा माळ, करडी-काळी मेंढरं आणि त्यात धनगराचं लाल मुंडासं. त्याला मध्यभागी उभं करू नये, चित्राच्या एका कडेला, आत चालत येताना घ्यावं. मात्र आधी विचारावं. ‘‘दादा, फोटो काढू का?’’ या चार शब्दांनी काही बिघडत नाही. आणि मागाहून एक प्रत त्यांना मिळेल अशी तजवीज करावी.

रंगांसाठी पावसाळ्यावर अडून बसण्याचंही कारण नाही. फाल्गुनात पळस आणि पांगारा निष्पर्ण फांद्यांवर पेटतात, कुसुंबाला लालभडक पालवी फुटते, चैत्र-वैशाखात बहावा पिवळा होतो. मागे भाजलेली तपकिरी टेकडी असते, आणि असा साधा पडदा पावसाळ्यात मागूनही मिळत नाही.

काळी ती काळीच

आता थोडं आतलं सांगतो. निवृत्तीनंतर एकदा जुन्या शाखेच्या गावाकडे गेलो होतो. तिथले एक आप्पा, वय ऐंशीच्या घरात. त्यांची विहीर आमच्या शाखेच्या कर्जातून झालेली आणि कर्ज मुदतीआधी फिटलेलं. नवा चौपदरी रस्ता त्यांच्या थोरल्या तुकड्यातून जाणार होता. मोजणीचे दगड रोवले गेले होते, मोबदलाही ठरला होता. त्याबद्दल आप्पांची काही तक्रार नव्हती. ते एवढंच म्हणाले, ‘‘सायेब, रान जायच्या आधी एक फोटो काढून द्या. मोठा. भिंतीला लावायचा हाय.’’

माझ्यासोबत माझा भाचा होता. त्यानं तत्परतेनं मोबाइल काढून नुकत्याच नांगरलेल्या रानाचा फोटो घेतला आणि आप्पांना दाखवला. मांडणी उत्तम होती. ओळी कोपऱ्यातून निघून विहिरीवरच्या आंब्यापर्यंत जात होत्या. आप्पांनी मोबाइल लांब धरून बराच वेळ पाहिला आणि परत दिला. ‘‘ही माझी जमीन न्हवं. ही मुरमाड दिसतीया. माझी काळी हाय.’’

खरोखरच फोटोत माती राखाडी आली होती. हा दोष भाच्याचा नव्हता. कॅमेऱ्याला समोरची वस्तू मुळात काळी आहे की तिच्यावर उजेड कमी पडला आहे, हे कळत नाही. पडलेल्या उजेडापैकी शंभरात साधारण अठरा भाग परत पाठवणारा मध्यम करडा रंग हे त्याचं गृहीतक. काळी माती दिसली, की त्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो फोटो उजळून मातीला करडी करतो. पांढरं धुकं किंवा चुन्यानं रंगवलेलं देऊळ दिसलं, की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो त्यालाही करडं करतो. म्हणून नियम उलटा वाटला तरी ध्यानात ठेवावा: काळ्या वस्तूसाठी उजेड कमी करायचा, पांढऱ्यासाठी वाढवायचा. मोबाइलच्या पडद्यावर मातीवर बोट टेकवलं, की सूर्याचं छोटं चिन्ह येतं. ते खाली सरकवायचं. भाच्यानं तसं केलं. माती काळी झाली, ओल्या ढेकळांच्या कडांवर तेवढा उजेड राहिला. आप्पांनी पुन्हा पाहिलं. ‘‘आता हाय,’’ एवढंच बोलले.

तो फोटो त्यांच्या नव्या घराच्या सोप्यात आहे. रस्ता कधीच सुरू झाला. येणाऱ्या पाहुण्याला आप्पा रस्त्याविषयी काही सांगत नाहीत. मातीचा रंग दाखवतात. भारी जमीन कसणाऱ्याला तिचा काळेपणा ही शोभेची गोष्ट नसते, ती त्याची पत असते. तेव्हापासून कुणी रंग ‘सुधारण्या’विषयी विचारलं, तर मी आधी विचारतो, की सुधारायचा म्हणजे खऱ्याच्या जवळ न्यायचा की लांब?

फरक इथेच आहे. कॅमेऱ्यानं करडी केलेली माती पुन्हा काळी करणं ही दुरुस्ती झाली. दुष्काळी सालातलं पिवळं रान पडद्यावर हिरवं करणं ही पीकपाहणीत खोटी नोंद झाली. आणि हा शब्द मी नुसता अलंकार म्हणून वापरत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः बांधावर जाऊन मोबाइलनं उभ्या पिकाचा फोटो घेतो आणि तो नोंदीसोबत सरकारदरबारी जातो. ज्या माणसांना आपण आपल्या फोटोंत ठिपका म्हणून उभं करत होतो, ती आता स्वतः शिवाराचे फोटो काढत आहेत, आणि त्यांच्या फोटोंत खोटं चालत नाही. सहलीला गेलेल्यांनी तेवढी चाड ठेवायला काय हरकत आहे?

घरी आल्यावर करायची कामंही क्रमानं करावीत. पहिल्यांदा क्षितिज सरळ करावं. कलतं तळं पाहून माणसाला अस्वस्थ होतं. मग कडेचं नको ते कापावं. मग उजेड कमी-जास्त. रंगाला हात सर्वांत शेवटी, आणि लावलाच तर निम्म्यावर थांबावं. त्यानंतर फोटो आठवडाभर मुदत ठेवीत टाकावा, लगेच कुणाला पाठवू नये. आठवड्यानं पाहिल्यावरही थांबून पाहावंसं वाटलं, तर तो खरा. पन्नासातले दोन उरले, तरी रविवार सार्थकी लागला म्हणायचा.

एक छोटा अभ्यास सुचवतो. लांब जाण्याची गरज नाही. आबालाल रहिमान कोल्हापूरच्या कोटितीर्थाच्या परिसराची चित्रं काढत राहिले; १९३१ साली ते गेले, पण ते पाणी आणि तो काठ त्यांच्या चित्रांत राहिला. आपल्या गावची, आजोळची किंवा रोजच्या फिरण्याच्या वाटेवरची एकच जागा धरावी. एक दगड खुणेचा ठरवावा आणि वर्षातून चार वेळा तिथेच उभं राहून फोटो काढावा: नांगरट झाल्यावर, श्रावणात, सुगीला आणि शिमग्याच्या सुमारास. दर वेळी बाराच फोटो घ्यायचे, असं स्वतःला बजावावं. वर्षाअखेरीस चारी चित्रं शेजारी ठेवली, की मांडणी आणि रंग यांविषयी इथे लिहिलं त्याहून जास्त कळेल.

हे का करायचं, याचं उत्तर घरोघरच्या अल्बममध्ये आहे. त्यात बारशी आहेत, मुंजी आहेत, लग्नं आहेत, फोटोग्राफरच्या रंगवलेल्या पडद्यापुढे बसलेले आजोबा आहेत. ज्या शिवारानं या सगळ्यांना पोसलं, त्याचा फोटो बहुधा एकही नसतो. ते कुठे जाणार आहे, असंच सगळ्यांना वाटत होतं. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि काठची गावं पाण्याखाली गेली. एखाद्या कडक उन्हाळ्यात पाणी फार उतरलं, की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ वर येतं आणि त्याचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येतात. देवळाभोवती कुणाचं रान होतं, पाणंद कुठून जात होती, आंबे किती होते, हे विचारलं तर तिथली म्हातारी माणसं पाण्याकडे बोट करून सांगू लागतात. दाखवायला त्यांच्याजवळ काही नसतं. तुमच्या गावाकडचं रान अजून जागेवर असेल, तर येत्या रविवारी उन्हं उतरताना तिकडे एक चक्कर मारून या.